लाल राज्ये आणि निळी राज्ये

लाल राज्ये आणि निळी राज्ये : अमेरिकेच्या निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेल्या राज्यांना ‘लाल’ आणि डेमोक्रॅटिक पक्षाकडे कल असलेल्यांना ‘निळी’ म्हणण्याचा प्रघात. कौल कुणीकडेही जाऊ शकेल अशा राज्यांना ‘जांभळी’ म्हणतात. ही रंगवाटणी आज इतकी रुळली आहे की ती त्या पक्षांइतकीच जुनी असावी असे वाटते. पण ती पक्की झाली २००० च्या निवडणुकीत.

मराठी वाचकाची येथे गल्लत होण्याचा संभव आहे. आपल्याकडे लाल बावटा कम्युनिस्टांचा. आणि रिपब्लिकन म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या भारतीय रिपब्लिकन पक्षाचा निळा झेंडा. अमेरिकी रिपब्लिकन पक्षाशी त्याचे साम्य नावापुरतेच आहे. युरोपातही लाल रंग डाव्यांचा आणि ब्रिटनमध्ये निळा हुजूर पक्षाचा मानला जातो. अमेरिकेने नेमकी उलट जोडी का स्वीकारली, हा म्हणूनच अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय राहिला आहे.

रंगांचा उगम : भूगोलतज्ज्ञ हेन्री गॅनेट यांच्या १८८३ च्या सांख्यिकीय नकाशासंग्रहात १८८० च्या निवडणुकीतील मतदान काउंटीवार (काउंटी म्हणजे राज्यांतर्गत जिल्हा) रंगवले आहे. त्यात डेमोक्रॅटिक मते लाल छटांत आणि रिपब्लिकन मते निळ्या छटांत आहेत, म्हणजे आजच्या नेमकी उलट. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचा गणवेश निळा होता, त्यावरून लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाला निळा रंग मिळाला असावा, असे अनुमान काहींनी केले आहे. ते सयुक्तिक आहे. मात्र एका नकाशावरून परंपरा सिद्ध होत नाही.

खरा प्रश्न दूरचित्रवाणीचा आहे. १९७६ मध्ये एनबीसी वाहिनीने आपल्या स्टुडिओत प्लास्टिकचा भलामोठा नकाशा उभारला. मागे हजारो दिवे होते. राज्याचा निकाल लागला की त्या राज्यामागचे दिवे लागत. सगळे दिवे एकदम लावून पाहिले तेव्हा त्यांच्या उष्णतेने प्लास्टिक वितळू लागले आणि आतून थंड हवेचा मोठा झोत सोडावा लागला. या नकाशात डेमोक्रॅटिक उमेदवार जिमी कार्टर यांची राज्ये लाल आणि रिपब्लिकन अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांची निळी होती. वाहिनीच्या निवडणूक विभागाचे तेव्हाचे प्रमुख रॉय वेट्झेल यांनी पुढे याचा खुलासा केला : ब्रिटनमध्ये पुराणमतवाद्यांचा रंग निळा, म्हणून आम्हीही फारसा विचार न करता तसेच केले. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली तेव्हा त्या निळ्याशार नकाशाला एनबीसीचे वृत्तनिवेदक डेव्हिड ब्रिंकली यांनी उपनगरातील पोहण्याच्या तलावाची उपमा दिल्याचे सांगतात. इतर वाहिन्यांच्या रंगजोड्या वेगळ्या असत. त्यामुळे एकाच रात्री एका पडद्यावर लाल दिसलेले राज्य दुसऱ्यावर निळे दिसू शके, आणि त्याने कुणाचे अडत नसे.

सत्तेवर असलेल्या पक्षाला एक आणि आव्हान देणाऱ्याला दुसरा रंग देत, ते निवडणुकीगणिक पालटत असत, असेही एक मत आहे. १९७६ ला ते लागू पडते. पण १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर होते, आव्हानवीर रेगन. तरी एनबीसीच्या नकाशात रिपब्लिकन पक्ष निळाच राहिला. निदान या वाहिनीपुरता वेट्झेल यांचा खुलासा अधिक ग्राह्य ठरतो.

१९९० च्या दशकात निळे डेमोक्रॅट ही जोडी हळूहळू वरचढ होत गेली असे दिसते. ७ नोव्हेंबर २००० च्या मतदानानंतर फ्लोरिडातील फेरमोजणीचा वाद पाच आठवडे चालला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबरच्या निकालानंतर रिपब्लिकन उमेदवार जॉर्ज बुश ५३७ मतांच्या फरकाने ते राज्य जिंकले. या काळात तोच तो नकाशा दररोज लोकांसमोर येत राहिला. त्या वर्षी न्यू यॉर्क टाइम्स आणि यूएसए टुडे या दैनिकांनी रंगीत निकाल-नकाशे छापले. लाल आणि रिपब्लिकन या दोन्ही शब्दांचे इंग्रजी आद्याक्षर एकच, म्हणून तो रंग निवडला, असे टाइम्सचे आर्ची त्से यांनी सांगितले. तर यूएसए टुडेचे पॉल ओव्हरबर्ग यांच्या मते तोवर सगळेच तसे करू लागले होते. ‘लाल राज्ये’ हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः एनबीसीचे टिम रसर्ट यांना देतात. मात्र आपण तो पहिल्यांदा वापरला, असा त्यांचा स्वतःचा दावा नव्हता.

स्वभावचित्रे आणि आक्षेप : सोयीसाठी घेतलेला रंग वर्षभरातच माणसांच्या स्वभावाचे लक्षण मानला जाऊ लागला. डिसेंबर २००१ मध्ये स्तंभलेखक डेव्हिड ब्रुक्स यांनी पेनसिल्व्हेनियातील फ्रँकलिन काउंटीची ‘लाल’ अमेरिकेचा नमुना म्हणून मांडणी केली. तिथे जेवणावर २० डॉलर खर्च करणे आपल्याला जमलेच नाही, असे त्यांनी लिहिले. २००४ मध्ये पत्रकार साशा आयझेनबर्ग तिथे गेले. त्यांना त्याहून महागडी थाळी सहज मिळाली. हा तपशील क्षुल्लक नव्हे. पक्षीय भाष्यात ‘लाल’ मतदार साधाभोळा, धर्मभीरू आणि ‘निळा’ मतदार सुखवस्तू, शिकलेला अशी जी चित्रे दोन्ही बाजूंनी रंगवली जातात, त्यांचा आधार कित्येकदा इतकाच कच्चा असतो आणि त्यात प्रत्यक्ष मतदारावर अन्याय होतो.

लेखक टॉमस फ्रँक यांनी २००४ मध्ये कॅन्ससचे उदाहरण घेऊन असे मांडले, की श्रमिक गोरे मतदार सांस्कृतिक प्रश्नांच्या भरात स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध मत देतात. राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टेल्स यांनी सर्वेक्षणांच्या आधारे याला उत्तर दिले : या वर्गातील डेमोक्रॅटिक मतांची गळती मुख्यतः दक्षिणेतील आहे. अँड्र्यू गेलमन यांचे निष्कर्ष अधिक मूलगामी आहेत. श्रीमंत राज्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकत असली, तरी त्या काळात राज्याच्या आतले श्रीमंत मतदार गरिबांपेक्षा रिपब्लिकन पक्षाला अधिक मते देत. हा फरक मिसिसिपीत ठळक होता, कनेक्टिकटमध्ये जवळजवळ नव्हता. राज्याच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्याची चूक येथे उघडी पडते. मॉरिस फिओरिना यांच्या मते सामान्य मतदार मध्यममार्गीच आहे, दुभंग आहे तो नेत्यांत आणि कार्यकर्त्यांत. ॲलन अब्रामोविट्झ यांना हा दुभंग जागरूक मतदारांतही खोलवर दिसतो. २०१६ नंतर पदवीधर आणि बिगर-पदवीधर गोऱ्या मतदारांतील अंतर वाढल्यामुळे उत्पन्नावर आधारलेली जुनी मांडणी तपासून घ्यावी लागते.

नकाशाचा दोष : नकाशा जमीन दाखवतो. वायोमिंगचे क्षेत्रफळ न्यू जर्सीच्या दसपटीहून अधिक; अध्यक्ष निवडणारे निर्वाचक मात्र ३, न्यू जर्सीचे १४. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे २,६०० काउंटी जिंकल्या आणि हिलरी क्लिंटन यांनी ५०० हून कमी. तरी देशभरात क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मते जास्त होती. एप्रिल २०१७ मध्ये रॉयटर्सच्या प्रतिनिधींना मुलाखत देताना ट्रम्प यांनी याच निकालाच्या लाल नकाशाच्या प्रती त्यांच्या हाती ठेवल्या. उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे : २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मते ज्या राज्यात पडली ते टेक्सस नव्हे, ‘निळे’ कॅलिफोर्निया. तिथल्या त्यांच्या साठ लाखांवर मतदारांचा नकाशात मागमूस नाही. रॉबर्ट व्हँडरबाय यांनी मतांच्या प्रमाणात जांभळ्या छटा वापरून, तर मार्क न्यूमन आणि सहकाऱ्यांनी लोकसंख्येनुसार राज्ये फुगवून वा आकसून, हा दोष दूर करण्याचा प्रयत्न केला.

अपवाद : ४८ राज्यांत सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला राज्यातील सर्व निर्वाचक मिळतात. मेन आणि नेब्रास्का येथे प्रत्येकी दोन निर्वाचक राज्यभरच्या मतांवर, बाकीचे काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) मतदारसंघनिहाय ठरतात. एरवी लाल असलेल्या नेब्रास्कात ओमाहा शहराभोवतीचा दुसरा मतदारसंघ २००८, २०२० आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेला. २०२४ मध्ये ओमाहातील घरांपुढच्या हिरवळीवर पांढऱ्या पाट्या उभ्या राहिल्या. त्यांवर उमेदवाराचे नाव नव्हते, पक्षाचेही नव्हते. मध्यभागी फक्त एक निळा ठिपका होता.