म्हातारी कुठेय, हे वाघाला कुठे ठाऊक?

वाघ दबा धरून बसलाय. समोरून भोपळा गडगडत येतो. वाघ म्हातारीची चौकशी करतो आणि आतून उत्तर येतं, ‘म्हातारी बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!’ बालनाट्याला आलेली पोरं एव्हाना खुर्च्यांवर उभी असतात. कुणी तोंडावर हात दाबून हसतं. आईच्या मांडीवरचं एखादं शेंडेफळ मात्र वाघाला सरळ सांगून टाकतं, ‘अरे, ती आतच आहे!’

म्हातारी आत आहे, हे हसणाऱ्या पोरालाही ठाऊक आणि शेंडेफळालाही. पण वाघाला ते ठाऊक नाही, यातली गंमत कळायला थोडं वय लागतं. 1983 साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो, मागून आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीनेक वर्षांची मुलं चॉकलेट खरोखर जिथे आहे तेच कपाट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते त्यालाही माहीत असणारच, असा त्यांचा हिशेब. चार-पाच वर्षांच्या सुमाराला हा हिशेब बदलू लागतो. चॉकलेटच्या जागी म्हातारी ठेवून पाहा. आपल्या आज्या ही परीक्षा रोज रात्री घेत होत्या, फक्त गुण देत नव्हत्या.

‘आटपाट नगर होतं’ या शब्दांचंही तसंच. ‘सगळी मांजरं भुंकतात. रेक्स मांजर आहे. रेक्स भुंकतो का?’ असं साध्या सुरात विचारलं, तर लहान मुलं म्हणतात, ‘छे, मांजर कुठे भुंकतं?’ मारिया डायस आणि पॉल हॅरिस यांनी 1988 साली दाखवलं, की हेच लुटुपुटूच्या खेळासारखं मांडलं तर चार ते सहा वर्षांची मुलं कितीतरी अचूक तर्क करतात. आटपाट नगरात शिरलं की अनुभव दाराबाहेर ठेवायचा आणि तिथले नियम पाळायचे, हे त्यांना उमगतं.

नाटकाने मूल हमखास कल्पक होतं, असं मात्र कुणी छातीठोक सांगू नये. लुटुपुटूच्या खेळावरच्या संशोधनाचा 2013 साली अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी आढावा घेतला, तेव्हा अशा दाव्यांना पुरेसा भक्कम आधार सापडला नाही. नाट्यशिबिरांच्या जाहिराती वाचताना हे आठवावं. मला स्वतःला टोपलीवर पिवळं कापड टाकून केलेला भोपळा आवडतो. हुबेहूब भोपळ्यात मुलाने भर घालायला जागाच उरत नाही.

आणि त्या फितूर शेंडेफळाचं काय? मुरलेला नट अशा वेळी कानाशी हात नेऊन प्रेक्षकांना विचारतो, ‘काय रे, कोण आहे आत?’ मग जरा मोठी पोरं एका सुरात ठणकावून खोटं बोलतात, ‘कुण्णी नाही!’