मॅन पेजची सक्ती: नियम आला कुठून?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात नवं मशीन आलं आणि सोबत पुस्तिका नसली, तर माल उतरवून घेतानाच बोंब होते. सॉफ्टवेअरची अशी पुस्तिका म्हणजे मॅन पेज: टाइप करून चालवायची कमांड कशी वापरायची ते सांगणारं, संगणकातच ठेवलेलं पान. ते नसेल तर बोंब कोणी मारायची, याचा निकाल पन्नास वर्षं झाली तरी पुरता लागलेला नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेली युनिक्स या संगणक-प्रणालीची पहिली मार्गदर्शिका केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिली, तीही वरिष्ठ डग मॅकिलरॉय पाठीशी लागले म्हणून. प्रत्येक कमांडला ठरलेला साचा: नाव, वापर, वर्णन, फायली आणि 'बग्ज'. आपल्याच प्रोग्रॅमचे दोष छापून द्यायचे! नवी आवृत्ती निघायची वेळ आली की तिथे एकच धांदल उडे, कारण लिहायला बसल्यावर लाज वाटेल अशी गोष्ट दिसली की कागद सोडून आधी प्रोग्रॅमच दुरुस्त केला जाई. सक्तीच्या बाजूने मला याहून मोठा पुरावा दिसत नाही.

पुढे वाटा फुटल्या. युनिक्ससारखी मुक्त प्रणाली घडवणाऱ्या ग्नू प्रकल्पाने 'इन्फो' हा मार्गदर्शिकेचा स्वतःचा प्रकार पुढे आणला आणि मॅन पेज ऐच्छिक ठेवलं. कमांडपुढे टाइप केला की थोडक्यात वापर सांगणारा 'हेल्प' हा पर्याय मात्र प्रत्येक प्रोग्रॅमला हवाच, असं बजावलं. लिनक्स ही मुक्त प्रणाली तयार प्रोग्रॅमांसह वाटणाऱ्या डेबियन या वितरणाने उलट बाजू घेतली. त्यांच्या धोरणानुसार प्रत्येक प्रोग्रॅमला मॅन पेज असावं. नसेल तर तो बग, आणि तशी तक्रार नोंदवता येते. मूळ लेखकाने ते लिहिलं नसेल तर पॅकेज (वितरणात घ्यायचा प्रोग्रॅमचा गठ्ठा) बांधणाऱ्यानेच लिहायचं. पण तेवढ्यावरून पॅकेज अडवलं जात नाही. एके काळी 'माहिती उपलब्ध नाही' एवढंच सांगणाऱ्या एका सामायिक पानाकडे बोट दाखवून काही जण मोकळे होत. ती पळवाट नंतर बंद झाली.

नियम कागदावर असणं आणि पाळला जाणं यातला फरक सीमाभागातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे त्यांच्या भाषेतून कागदपत्रं मिळावीत, ही तरतूद दाखवत इथे किती मोर्चे निघाले!

व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. संगणक शाखेच्या मुलांना लिनक्स नवं नाही, आणि त्यांच्यात लोकप्रिय असलेलं उबुंटू हे वितरण डेबियनवरच उभं आहे. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात नेट गेलं, की घरी बसलेल्या मुलाला आधार उरतो तो लॅपटॉपमधल्याच पानांचा. फायलींचा गठ्ठा बांधणाऱ्या 'टार' कमांडचं पान हवं तर 'मॅन टार' टाइप करायचं, तिरकी रेघ देऊन हवा तो शब्द शोधायचा, क्यू दाबून बाहेर. मात्र सर्व्हरसाठीच्या आटोपशीर उबुंटूत जागा वाचवायला हीच पानं काढून टाकलेली असतात.

माझ्या मते खिडक्या-बटणांच्या प्रोग्रॅमला सूट द्यायला हरकत नाही. मेन्यू समोरच असतो. पण जी कमांड टाइप करून चालवायची, त्यातही जी फायली पुसते किंवा डिस्कला हात घालते, तिला पानाशिवाय वितरणात घेऊच नये. 'हेल्प'च्या मजकुरातून पान आपोआप तयार करणारं 'हेल्पटूमॅन' आहेच, पण त्यात बग्जचा रकाना आपसूक भरत नाही. तो लेखकालाच भरावा लागतो.