काळा बगळा केमिकलमुळे काळा झालेला नाही

ठाणे खाडीच्या कडेला किंवा शिवडीला पक्षी बघत उभं राहिलं की कोणी ना कोणी हमखास विचारतं, हा बगळा काळा कसा, खाडीतल्या केमिकलमुळे झालाय का? फोटो टाकला की खाली तीच कमेंट, आणि वर एखादा सांगतो की काळा बगळा दिसणं अशुभ असतं. दोन्हीत काही तथ्य नाही. सांडपाणी हा खाडीचा खरा आणि मोठा प्रश्न आहे, पण त्याने पिसांचा रंग बदलत नाही, आणि पक्ष्याला बघून कोणाचं वाईट होत नाही.

हा समुद्री बगळा. इंग्रजीत वेस्टर्न रीफ हेरॉन, शास्त्रीय नाव इग्रेटा गुलारिस. गडद राखाडी अंग, हनुवटी आणि गळा पांढरा, पाय गडद पण बोटं पिवळसर. हा रंग आईबापांकडून येतो. गंमत म्हणजे ह्याच जातीत पूर्ण पांढरे पक्षीही असतात, आणि काही अधलेमधले, राखाडी-पांढऱ्या पिसांची सरमिसळ असलेले. पांढरा असेल तर तो नेहमीच्या लहान बगळ्यासारखाच दिसतो आणि भलेभले फसतात. तेव्हा चोच बघायची, लहान बगळ्याची बारीक आणि काळी, ह्याची जाड, पिवळट-तपकिरी आणि टोकाकडे किंचित खाली वाकलेली. गुजरातच्या किनाऱ्यावर ह्या दोन जातींचे संकर वाटावेत असे पक्षीही नोंदले गेलेत, म्हणजे कधीकधी चोच बघूनही डोकं खाजवायची वेळ येते.

आता हा राहतो कुठे? नकाशावर बघितलं तर ह्याचा प्रदेश म्हणजे एक लांबच लांब बारीक पट्टी आहे. एक तुकडा पश्चिम आफ्रिकेत, मॉरिटानियापासून गॅबॉनपर्यंत. दुसरा तांबड्या समुद्रापासून पर्शियन आखात, पाकिस्तान, कच्छ, मुंबई, कोकण, गोवा असा खाली श्रीलंकेपर्यंत. पट्टी बारीक कारण हा किनारा सहसा सोडत नाही. आपला ढोकरी बगळा शेतात, डबक्यात, रेल्वेरुळांशेजारच्या नाल्यात कुठेही चालतो, ह्याला मात्र भरती-ओहोटीचं पाणी लागतं. खडकाळ किनारा, खाडीचा चिखल, खाजणं, मिठागरं, आणि घरट्यासाठी तिवरं किंवा जवळपासची झाडं. भरकटतो मात्र जबरदस्त, 1983 साली एक पक्षी थेट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या नानटकेट बेटावर सापडला होता, अख्खा अटलांटिक ओलांडून.

ह्याचा दिवस घड्याळावर नाही, ओहोटीवर चालतो. पाणी उतरलं की खडकांच्या खळग्यांत मासे, कोळंबी अडकतात, चिखलावर निवट्या (चिखलात सरपटणारे छोटे मासे) आणि खेकडे उघडे पडतात. कधी हा पुतळ्यासारखा उभा, कधी पंख अर्धवट उघडून पाण्यातून सैरावैरा पळतो, कधी पायाने तळ ढवळून लपलेलं काहीतरी बाहेर काढतो.

आणि आता ह्या पक्ष्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मासा पाण्यात, बगळ्याचा डोळा हवेत. पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वाकतो, शाळेत पाण्याच्या ग्लासात पेन्सिल मोडलेली दिसायची तेच हे अपवर्तन. त्यामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. किती वर? पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो हे सांगणारा आकडा) 1.33 धरला तर बरोबर वरून बघताना 10 सेंमी खोल मासा साधारण साडेसात सेंमीवर दिसतो. इथपर्यंत सोपं आहे, दिसणारी खोली कायम एक तृतीयांशाने वाढवून चोच मारायची की झालं. पण बगळा बरोबर वरून बघतो कुठे? नजर उभ्या रेषेपासून 60 अंश कलली तर तोच मासा जवळपास 5 सेंमीवर दिसतो, कारण पाण्याखाली तो किरण 60 नाही तर 41 अंशाच्या आसपास कललेला असतो (साईन 60 भागिले 1.33 करून बघा). म्हणजे चूक ठरलेली नाही, कोनाप्रमाणे बदलते, आणि बगळ्याची मान पुढे सरकते तसा कोन क्षणाक्षणाला बदलत राहतो.

इस्रायलमध्ये गादी कात्झिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात नेमक्या ह्याच जातीवर प्रयोग केले, पाण्यात मासा ठेवून चोचीचा आणि डोळ्याचा मार्ग मोजला. त्यांना दिसलं की बगळा सरळ झेप घेत नाही. आधी डोकं एका ठराविक जागी आणतो, तिथून मार्ग आणि वेग दोन्ही बदलतात आणि मग खरा वार होतो. त्या जागेवर आल्यावर खरी खोली आणि दिसणारी खोली ह्यांचं एक नियमित नातं असतं. म्हणजे बगळ्याला साईन-बिन काढायची गरज नाही, डोकं अशा जागी न्यायचं जिथे दुरुस्ती सोपी होते, बस्स. आणि जिथे खरी जागा आणि दिसणारी जागा ह्यांतलं अंतर फार मोठं होतं, म्हणजे फारच तिरपं बघावं लागतं, तिथे नेम चुकण्याचं प्रमाण वाढतं. मला हे भारी वाटतं कारण अवघड गणित त्याने मेंदूऐवजी बरंचसं मानेवर ढकललंय.

फोटोग्राफर मंडळी ह्याला 'दुर्मिळ' म्हणून टाकतात तेही बरोबर नाही, जागतिक यादीत ह्याला सध्या धोका नाही. पण जागा पट्टीएवढीच आहे हे विसरून चालत नाही. 2018 साली मुंबई हायकोर्टाने राज्यातल्या कांदळवनांची, म्हणजे तिवरांच्या जंगलांची, तोड थांबवायचा आणि भोवती 50 मीटरचा राखीव पट्टा ठेवायचा आदेश दिला, त्यामुळे घरट्याच्या झाडांना कागदावर तरी चांगलं संरक्षण आहे. ओहोटीला उघडा पडणारा खडक आणि चिखल मात्र लोकांना रिकामी जागाच वाटते, भराव टाकताना कोणाला काही तोडल्यासारखं वाटत नाही, आणि ह्याचं सगळं जेवण तर तिथेच आहे.

बघायचा असेल तर आधी भरती-ओहोटीचं टेबल बघा आणि पाणी उतरायला लागल्यावर पोचा. बँडस्टँडचे खडक, ऐरोलीची खाडी, मालवणचा किनारा, गोव्यात चोडण, कुठेही चालेल. काळा दिसला तर पटकन कळेलच, पण जवळपासच्या पांढऱ्यांच्याही चोची तपासा.