रात्री दोन वाजता आपोआप फुटलेली काच

नागपूरच्या मनीषनगरला माझ्या धाकट्या बहिणीने घरून काम करण्यासाठी हॉलचा एक कोपरा काचेच्या पार्टिशनने वेगळा करून घेतला होता. 10 मिमी जाडीची टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच. बसवणाऱ्या कारागिराने मुठीने ठोकून दाखवलं होतं, "मॅडम, काही होत नाही याले." मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला आणि सुमारे 50 किलोचा एक पल्ला खाली आला. तिथे कोणी नव्हतं, कशाचा धक्का नव्हता. फरशीवर खडीसाखरेसारखे तुकडे पसरले होते आणि त्यांची तडतड बराच वेळ चालू होती.

सकाळपर्यंत दोन निदानं तयार. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली, पण बरं झालं, घरावरचं संकट काचेवर गेलं. काचवाला म्हणाला, नागपूरचं ऊन आहे, त्याला कोण काय करणार!

आधी उन्हाचं बघू. साध्या काचेच्या दोन भागांच्या तापमानात 40 अंशांच्या आसपास फरक पडला की ती तडकू शकते. टफन्ड काच 200 अंशांचा फरकही सोसते. नागपूरचा विक्रम 23 मे 2013 चा, 47.9 अंशांचा. (2024 च्या मे अखेरीस '56 अंश' म्हणून जी बातमी देशभर फिरली, तो बिघडलेल्या सेन्सरचा आकडा होता. हवामान खात्याने तसं सांगितलं, पण खुलासा बातमीइतका फिरला नाही.) म्हणजे बंद हॉलमधली उन्हाळ्याची रात्र या काचेच्या खिजगणतीतही नाही.

मग झालं काय? त्यासाठी ही काच बनते कशी ते बघावं लागेल, आणि माझ्या मते पदार्थविज्ञानातली ही सर्वात सुंदर युक्ती आहे.

काचेचा घात तिच्या पृष्ठभागावरचे ओरखडे करतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तिथून तडा पुढे सरकतो, हे ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने 1921 मध्ये मांडलं. पण ओरखडा पसरायला त्याचं तोंड उघडावं लागतं. ते कायम दाबून धरलं तर? कपाटातली पुस्तकांची रांग दोन्ही हातांनी बाजूंनी दाबून उचलून बघा. दाब आहे तोवर मधली फट उघडत नाही.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कारण वरचा थर आधी वाळून आकसतो आणि खालची ओली माती त्याला आकसू देत नाही. वरचा थर ताणला जातो, फाटतो. टफन्ड काचेत नेमकं उलट घडवतात. काच सव्वासहाशे अंशांच्या पुढे तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. कातडी काही सेकंदांत घट्ट होते, गाभा अजून मऊ असतो. नंतर गाभा थंड होताना आकसतो आणि आधीच घट्ट झालेल्या कातडीला आत ओढतो. कातडी कायमची दाबली जाते, गाभा कायमचा ताणलेला राहतो. पृष्ठभागावरचा दाब सुमारे 100 मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास 1000 किलो. 10 मिमीच्या काचेत दोन्ही बाजूंचे साधारण दोन-दोन मिमी दाबाखाली, मधले सहा मिमी ताणाखाली. म्हणून ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते.

आणि म्हणूनच तडा एकदा त्या मधल्या सहा मिलिमीटरमध्ये शिरला की साठलेला सगळा ताण एकदम सुटतो. तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने फाटे फोडत धावतो, अख्ख्या पल्ल्याचे खडे होतात. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, ते याचसाठी.

पण बाहेरून धक्का नसताना तडा आला कुठून? पल्ल्याच्या मधल्या पट्ट्यावर फ्रॉस्टेड फिल्म होती, तेवढा भाग चिकटून राहिला होता. तो उजेडात धरून सगळ्या भेगा जिथून निघाल्या होत्या ती जागा शोधली. तिथे बाकीच्यांपेक्षा मोठे दोन तुकडे एकमेकांना चिकटून होते, फुलपाखराच्या पंखांसारखे. दोघांच्या मधल्या रेषेवर, भिंगाखाली, एक काळा ठिपका. खसखशीच्या दाण्याहूनही लहान.

हा ठिपका बहुधा निकेल सल्फाइडचा. निकेल येतं यंत्रांच्या पोलादातून, गंधक कच्च्या मालातून. 379 अंशांच्या वर या स्फटिकाची रचना एक असते, खाली दुसरी, आणि दुसरीत त्याचं आकारमान दोन ते चार टक्के वाढतं. साधी काच सावकाश थंड होते, तिच्यात हा बदल भट्टीतच उरकतो. टफन करताना काच इतकी झटकन थंड होते की स्फटिक जुन्याच रूपात अडकतो. मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, तो हळूहळू फुगत राहतो. ठिपका ताणलेल्या गाभ्यात असला तर एका क्षणी तडा सुरू होतो. उष्णतेने हा बदल लवकर होतो, त्यामुळे काचवाल्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. उन्हाने काच फोडली नाही, फुगणाऱ्या ठिपक्याला घाई मात्र केली.

यावर उपाय आहे. टफन केलेल्या काचा पुन्हा 260 ते 290 अंशांना काही तास ठेवतात. ज्यांच्यात असा ठिपका आहे त्यातल्या बहुतेक तिथेच फुटतात. याला हीट सोक म्हणतात, आणि ऑर्डर देताना तो आपण मागावा लागतो. घरात लहान मूल असेल तर दोन काचांमध्ये चिकट थर असलेली लॅमिनेटेड टफन्ड काच घ्यावी, फुटली तरी तुकडे जागेवर राहतात. 'अनब्रेकेबल' असं कोणी सांगितलं तर ते मानू नये.

बहिणीने पुन्हा पार्टिशन केलं तेव्हा मी मापाच्या वेळी हजर होतो. जुनी भिंत ओळंब्यात नव्हती, वर आणि खाली मापात आठ मिमीचा फरक निघाला. तो तेव्हाच धरला, बिजागरी आणि कुलपाची भोकं टफन करण्याआधी पाडून घेतली. काच ज्यात बसते त्या यू आकाराच्या खाचेत, म्हणजे यू चॅनलमध्ये, काचेखाली रबराच्या पट्ट्या ठेवायला लावल्या, कारण काचेची कड हा तिचा सर्वात नाजूक भाग. व्हिट्रिफाइड टाइलवर कोपरा आपटला तरी पल्ला जाऊ शकतो. वरची दीड फूट जागा मोकळी सोडली. आपला कूलर हवा बाहेर जायला वाट असेल तरच गारवा देतो, बंद केबिनमध्ये नुसता दमटपणा वाढतो.

काच बसल्यावर बहिणीने आत लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडलं. मी बाहेरून पोलराइज्ड गॉगल (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा) लावला आणि पडदा काळा दिसेपर्यंत तो डोळ्यांसमोर फिरवला. काळोख्या पडद्यासमोर काचेत ओळीने फिकट ठिपके उमटले होते. भट्टीत हवेचे झोत जिथे जिथे लागले होते, त्यांच्या खुणा. तिथला दाब वेगळा, म्हणून तिथून येणाऱ्या प्रकाशाची दिशा वळते आणि तो गॉगलमधून निसटतो. भाची तो गॉगल द्यायला तयार नव्हती.