करार संपल्यावर हातात काय उरतं? पुण्यातल्या फ्युएल सेलची पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या हायड्रोजनवर चालणाऱ्या १६ ट्रकांची चाचणी सुरू झाली. काही ट्रकांमध्ये हायड्रोजन थेट इंजिनात जळतो, तर काहींमध्ये फ्युएल सेल त्यापासून वीज तयार करतो. या चाचण्यांसाठी केंद्राने ठरवलेल्या मार्गांत पुणे–मुंबईही आहे. सरकारी हिशेबाने याची सुरुवात जानेवारी २०२३ मध्ये, १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी मिळाली तेव्हा झाली. पुण्यापुरतं बोलायचं तर मात्र बरंच मागे जावं लागतं, आणि तिथे हायड्रोजनचं नावही नाही.

१९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. करार कधीतरी संपणार हे टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी गृहीत धरलं होतं. १९६६ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोचं काम सुरू झालं ते यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांपासून आणि संशोधन केंद्रापासून. पुण्यातून गाड्या बाहेर पडायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकवरचं मर्सिडीजचं चिन्ह गेलं, ट्रक मात्र बनत राहिले. १९८६ मध्ये हलक्या ट्रकांच्या बाजारात माझदा, निसान, टोयोटा, मित्सुबिशी अशा जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन उतरल्या होत्या. त्यांच्यासमोर पुण्याने स्वतःच्या आराखड्यावरची ४०७ उभी केली. ती आजही रस्त्यावर आहे.

या शहरातल्या अनेक मोठ्या कारखान्यांच्या मुळाशी असा एखादा परदेशी करार सापडतो. कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर आणि इंजिनं बनवणाऱ्या अमेरिकेच्या कमिन्सची भागीदारी झाली. बॉयलर बनवणारी आजची थरमॅक्स १९६६ मध्ये बेल्जियमच्या वॅनसनबरोबर ‘वॅनसन इंडिया’ म्हणून सुरू झाली आणि १९८० मध्ये तिने स्वतःचं नाव घेतलं. हे सगळं इथे सांगण्याचं कारण असं की फ्युएल सेलच्या करारांत हीच नावं पुन्हा समोर येतात.

फ्युएल सेलची कल्पना १८३९ च्या सुमाराची, विल्यम ग्रोव्ह यांची. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की पाणी होतं, आणि ते जाळाशिवाय घडवून आणलं तर वीज मिळते. १९६५ मध्ये जेमिनी अंतराळयानात जनरल इलेक्ट्रिकचे सेल गेले. १९९० च्या दशकात कॅनडाच्या बॅलार्डने बस चालवून दाखवली, पुढे युरोपच्या नऊ शहरांत मर्सिडीजच्या २७ बस धावल्या. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने विकसनशील देशांतही अशा बस आणायचं ठरवलं होतं आणि त्या यादीत नवी दिल्ली होती. ब्राझील आणि चीनमध्ये बस धावल्या, दिल्लीचा प्रकल्प बारगळला. त्या वेळी आपण फक्त तयार बस घेणारे ग्राहक होतो. प्रकल्प गेला तेव्हा मागे ना कारखाना राहिला, ना शिकलेली माणसं.

म्हणून पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा आणि वाहनांचं सॉफ्टवेअर बनवणारी हिंजवडीची केपीआयटी यांनी २०१६ मध्ये १० किलोवॅटच्या स्टॅकवर काम सुरू केलं. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलची चवड. प्रत्येक सेलच्या मध्यभागी एक पातळ पटल असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा उत्प्रेरक असतो. पटलातून हायड्रोजनचे फक्त प्रोटॉन जातात, इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो आणि तीच आपली वीज. हे पटल आणि उत्प्रेरकाचं ज्ञान प्रयोगशाळांचं होतं. केपीआयटीने धातूच्या अतिशय पातळ प्लेटा, गॅस्केट, नियंत्रणाचं सॉफ्टवेअर आणि गाडीतली जोडणी केली. त्या प्लेटांमुळे स्टॅकचं वजन सुमारे दोन तृतीयांशाने घटलं. ऑक्टोबर २०२० मध्ये एनसीएलच्या आवारात पाच आसनी मोटार या स्टॅकवर चालली. टाकीत ३५० बार, म्हणजे हवेच्या सुमारे ३५० पट दाबाखाली १.७५ किलो हायड्रोजन, अपेक्षित पल्ला सुमारे २५० किलोमीटर. ऑगस्ट २०२२ मध्ये बस आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डने बांधलेली, वाराणसीसाठीची फेरीबोट आली, तिचं तंत्रज्ञान केपीआयटीचं.

दुसरी वाट करारांचीच. कमिन्सने २०१९ मध्ये फ्युएल सेल बनवणारी कॅनडाची हायड्रोजेनिक्स विकत घेतली. जर्मनीत प्रवासी वाहतूक करणाऱ्या हायड्रोजन रेल्वेगाड्यांत याच कंपनीचे सेल होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये टाटा मोटर्स आणि कमिन्स यांचा हायड्रोजन वाहनांसाठी सामंजस्य करार झाला. थरमॅक्सने सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या सेरेसकडून सॉलिड ऑक्साइड इलेक्ट्रोलायझरचा परवाना घेतला. इलेक्ट्रोलायझर म्हणजे उलटा चालवलेला फ्युएल सेल: वीज द्यायची, हायड्रोजन घ्यायचा. हा प्रकार खूप तापमानावर, वाफेवर चालतो, त्यामुळे कारखान्यातली वाया जाणारी उष्णता त्याला वापरता येते. बॉयलर बनवण्यात आयुष्य घातलेल्या कंपनीने तो निवडावा यात मला शहाणपण दिसतं. याच थरमॅक्सने त्याआधी अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेसाठी, लार्सन अँड टुब्रोच्या बरोबरीने, पाणबुडीतल्या फॉस्फोरिक आम्लाच्या फ्युएल सेलवर काम केलं. मार्च २०२१ मध्ये त्याचं जमिनीवरचं प्रारूप यशस्वी झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत बसवण्यासाठी पाणबुड्या बांधणाऱ्या फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी करार झाला. इथे सेल आपला आणि जोडणीची मदत परदेशी, म्हणजे नेहमीच्या क्रमाच्या उलट. असा करार विरळा, आणि पुण्यातल्या उद्योगाने त्याचा बारकाईने अभ्यास करावा.

परदेशी कंपनीला भारतात अशी गाडी आणायची तर तिला लागू होणाऱ्या मानकांचा संबंधही पुण्याशी येतो. फ्युएल सेल वाहनांच्या सुरक्षेचं एआयएस-१५७ हे मानक सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झालं. अशी मानकं ठरवणाऱ्या समितीचं सचिवालय वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेकडे आहे. सिलिंडरची मंजुरी नागपूरला मुख्यालय असलेल्या, स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या पेसोकडून घ्यावी लागते. आपल्याकडचं ऊन, धूळ, खड्डे आणि घाट मानकांनुसार होणाऱ्या चाचण्यांत जितक्या नेमकेपणाने येतील, तितका इथे घडलेल्या स्टॅकला न्याय मिळेल.

पुणे–मुंबई मार्गाबद्दल मला एक मागणी करावीशी वाटते. भरलेला ट्रक बोरघाट चढताना स्टॅकवर किती ताण येतो, किती हायड्रोजन लागतो, उन्हाळ्यात तो किती तापतो, ही नोंद सरकारी पैशाने होणाऱ्या चाचणीतून मिळणार आहे. ती वाहन कंपनीच्या आणि तिच्या परदेशी भागीदाराच्या कपाटात न राहता एनसीएलच्या आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संशोधकांनाही मिळावी, आणि तशी अट पुढच्या टप्प्याच्या मंजुरीपत्रातच असावी.