छोटा सबवूफर आणि खोलीतला खर्ज

चांगल्या बुकशेल्फ स्पीकरवर गाणं ऐकताना आवाज स्वच्छ येतो, तरी तळाशी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. जे राहून जातं ते मोजता येतं. चार तारांच्या बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झचा असतो आणि पियानोच्या अगदी डावीकडच्या पट्टीचा 27.5 हर्ट्झचा. पाच इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा शंकू) असलेल्या स्पीकरचा जोर मात्र 60 हर्ट्झच्या आसपासच ओसरायला लागतो. त्याखालचं सप्तक वाजवण्यासाठी वेगळी पेटी लागते. ॲम्प्लिफायर आत असलेली अशी पेटी म्हणजे पॉवर्ड सबवूफर. हल्ली तो जेमतेम 30 सेंटिमीटरच्या ठोकळ्यात मावतो. पण एवढ्याशा ठोकळ्यातून निघालेला खर्ज कानापर्यंत कसा पोहोचेल, हे पेटीपेक्षा खोली जास्त ठरवते. त्यामुळे निवडीवर जेवढा वेळ जातो, त्याच्या दुप्पट जागा आणि जुळणीवर द्यावा.

स्पीकरचा शंकू हवा ढकलतो. वारंवारता निम्मी झाली की तेवढाच ध्वनिदाब निर्माण करायला चौपट हवा सरकवावी लागते. सीलबंद पेटीतला शंकू 80 हर्ट्झला 1 मिलिमीटर हलत असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी 40 हर्ट्झला त्याला 4 आणि 20 हर्ट्झला 16 मिलिमीटर हलावं लागेल. 8 इंची शंकूचं कामाचं क्षेत्रफळ साधारण 215 चौरस सेंटिमीटर असतं, 12 इंचीचं 500च्या जवळपास. म्हणजे छोट्या शंकूला तेवढीच हवा सरकवायची तर दुपटीहून जास्त धावावं लागतं.

त्यात पेटी लहान. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग कडक. खाली उतरणारा खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत; दोन निवडल्या की तिसरी सोडावी लागते. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन. हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. छोटा सबवूफर तिसरी गोष्ट सोडतो. पेटीमुळे खालचा आवाज जिथे पडतो तिथे आतला डिजिटल प्रोसेसर तो उचलून धरतो, आणि 12 डेसिबल उचलायचे तर 16 पट वीज लागते. म्हणून एवढ्याशा डब्यात कित्येक शे वॉटचा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. हा आकडा ताकद मिरवण्यासाठी नाही, लहान पेटीची भरपाई म्हणून असतो.

खोक्यावरचे आकडे वाचताना दोन गोष्टी तपासा. एक, वॉट ‘पीक’ (क्षणभराचे) आहेत की आरएमएस (सतत टिकणारे); पीकचा आकडा कितीही फुगवता येतो. दोन, ‘25 हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलं असेल तर किती डेसिबल पडल्यावर? उणे 3 डेसिबलला 25 आणि उणे 10ला 25 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सीटीए-2010 या मानकाप्रमाणे घेतलेली मोजमापं मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण त्यांत प्रत्येक वारंवारतेला विकृती मर्यादेत ठेवून जास्तीत जास्त किती आवाज निघतो हे दिलेलं असतं. छोटे सबवूफर हळू आवाजात 25 हर्ट्झपर्यंत सहज उतरतात. आवाज चढवला की आतला लिमिटर शंकू वाचवण्यासाठी खालचे स्वर दाबायला लागतो. तेव्हा सबवूफर बिघडलेला नसतो, त्याची मजल तिथे संपलेली असते.

सीलबंद, पोर्टवाला (हवा बाहेर जायला नळी असलेला) की पॅसिव्ह रेडिएटरचा? सीलबंद पेटीचा आवाज आपल्या मर्यादेखाली सप्तकामागे 12 डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा 24ने. पोर्टवाला एका ठरावीक वारंवारतेपर्यंत जास्त जोर देतो आणि मग कोसळतो. शिवाय लहान पेटीत पोर्ट अरुंद ठेवावा लागतो आणि जोरात वाजवलं की त्यातून हवेची फुसफुस ऐकू येते. पॅसिव्ह रेडिएटर म्हणजे पोर्टऐवजी मोटर नसलेला जड शंकू. फुसफुस टळते, किंमत वाढते. छोट्या खोलीत प्रामुख्याने संगीत ऐकणाऱ्याने सीलबंद घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बंद खोलीत अगदी खालचे स्वर खोली स्वतःच थोडे उचलते आणि सीलबंद पेटीची हळूहळू होणारी उतरण त्या उचलण्याशी छान जुळते. चित्रपटांतले गडगडाट मोठ्या दिवाणखान्यात अंगावर हवे असतील, तर छोटा सबवूफर हा मुळातच चुकीचा पर्याय आहे.

जागा

40 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते. ही लाट खोलीत मावतच नाही. ती समोरासमोरच्या भिंतींवर आपटून स्वतःवरच पडते आणि काही वारंवारतांना स्थिर लाट तयार होते. कोणत्या, ते काढणं सोपं आहे: 343ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. 5 मीटर लांबीला 34 हर्ट्झ, साडेतीन मीटर रुंदीला 49, 2.8 मीटर उंचीला 61. या प्रत्येक स्थिर लाटेचा दाब भिंतींजवळ सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य असतो. म्हणून 5 मीटर लांबीच्या खोलीत बरोबर अर्ध्यावर खुर्ची टाकून बसणाऱ्याला 34 हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येणार नाही, आणि मागच्या भिंतीला डोकं टेकून बसणाऱ्याला तो नको इतका ऐकू येईल. सबवूफर दोघांसाठी तोच. चौरस खोली सर्वांत त्रासदायक, कारण लांबी-रुंदीच्या लाटा एकाच वारंवारतेवर येऊन बसतात.

हे चढउतार खर्जात जास्त खुपतात त्याला कानही जबाबदार आहे. 1000 हर्ट्झचा 40 डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला 40 हर्ट्झच्या स्वराला 80 डेसिबलहून जास्त दाब लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली काढलेल्या आलेखांपासून हे माहीत आहे. त्या आलेखांत आणखी एक बारकावा आहे: खालच्या टोकाला रेषा एकमेकींच्या जवळ येतात. म्हणजे एकदा ऐकू यायला लागल्यावर खर्जातले 5-6 डेसिबल कानाला खूप मोठे वाटतात. एखादाच स्वर ‘घुमतो’ अशी तक्रार असते तेव्हा बहुधा खोलीच्या एका स्थिर लाटेवर बसलेला उंचवटा त्याला कारण असतो.

सबवूफर भिंतीपासून किती अंतरावर हवा? मागच्या भिंतीवर आपटून परतलेली लाट मूळ लाटेपेक्षा अर्धी लांबी मागे पडली की दोघी एकमेकींना खोडतात. भिंतीपासून 1 मीटरवर हे 86 हर्ट्झला घडतं, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर जिथे हात मिळवतात नेमकं तिथेच. 30 सेंटिमीटरवर आणला तर तीच गोष्ट 286 हर्ट्झला जाते, जिथे सबवूफर वाजतच नाही. म्हणून तो भिंतीलगतच बरा. फक्त मागे केबलला, पोर्टला आणि ॲम्प्लिफायरची उष्णता निघायला 8-10 सेंटिमीटर सोडा. कोपऱ्यात सर्वांत जास्त जोर मिळतो, पण तिथे खोलीच्या सगळ्या स्थिर लाटा एकदम जाग्या होतात. कपाटात कोंबू नका.

उत्तम जागा शोधायची खात्रीची पद्धत दिसायला विचित्र आहे. सबवूफर उचलून तुमच्या नेहमीच्या बसायच्या जागी, सोफ्यावरच ठेवा. 30, 35, 40, 50, 63 आणि 80 हर्ट्झचे स्वर, किंवा वरखाली चालणारी बेस गिटारची ओळ, सतत वाजत ठेवा. मग जिथे जिथे सबवूफर ठेवणं शक्य आहे तिथे जमिनीवर बसून, कान पेटीच्या उंचीवर आणून ऐका. भिंतीच्या कडेने रांगत जाताना 40 हर्ट्झचा स्वर एका जागी छातीत भरून येतो आणि हातभर सरकलं की विरून जातो. हा फरक एकदा अनुभवला की जागेचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. सर्वांत मोठा खर्ज येतो ती जागा नको. सगळे स्वर जवळपास सारखे ऐकू येतात ती जागा कागदी टेपने खूण करून ठेवा आणि सबवूफर तिथे न्या. स्रोत आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला मार्ग तोच राहतो, या भौतिकशास्त्रातल्या परस्परतेच्या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे. बारा-पंधरा किलोचा सबवूफर असा फिरवता येतो, हा लहान पेटीचा मोठाच फायदा.

जोडणी आणि जुळणी

एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि सगळे स्पीकर जोडायचा ॲम्प्लिफायर) असेल तर त्याच्या सबवूफर आउटमधून एक आरसीए केबल सबवूफरच्या ‘एलएफई’ (खालच्या स्वरांच्या) इनपुटमध्ये. मग रिसीव्हरच्या मेन्यूत स्पीकर ‘स्मॉल’ करा, म्हणजे खालचे स्वर सबवूफरकडे जातील, स्पीकर कितीही मोठे असले तरी. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या वारंवारतेखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, 80 हर्ट्झपासून सुरू करा. याखालच्या आवाजाची दिशा कानाला ओळखता येत नाही, कारण दोन कानांमधल्या अंतरापुढे लाट फारच लांब असते. अगदी लहान सॅटेलाइट स्पीकरना 100 किंवा 120 लागतं. तेव्हा मात्र सबवूफर समोरच्या दोन स्पीकरच्या आसपासच ठेवावा, नाहीतर पुरुषी आवाजाचा तळ त्याच्या दिशेने ओढला जातो.

इथे हमखास एक चूक होते: रिसीव्हरमध्ये 80 आणि सबवूफरच्या मागच्या बटणावरही 80. दोन फिल्टर एकावर एक बसतात, उतार दुप्पट होतो, फेज (लाटेची वेळ) फिरते आणि 80च्या आसपास खड्डा पडतो. रिसीव्हर हे काम करत असेल तर सबवूफरचं हे लो-पास बटण शेवटपर्यंत वर फिरवून ठेवा.

साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला सबवूफर आउट नसेल, तर सबवूफरच्या हाय-लेव्हल इनपुटला स्पीकरच्याच टर्मिनलवरून समांतर वायर द्या. या इनपुटचा अवरोध कित्येक हजार ओहम असल्याने ॲम्प्लिफायरवर भार येत नाही. काही ॲम्प्लिफायरमध्ये, विशेषतः क्लास-डी जातीच्या, उणे टर्मिनल हे ग्राउंड नसतं. तिथे चुकीची जोडणी यंत्र जाळू शकते. म्हणून दोन्ही माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय वायर सोलू नका, आणि जोडताना दोन्ही यंत्रांचे प्लग काढलेले असू द्या. अशा जोडणीत सबवूफरचं लो-पास बटण स्पीकर जिथे पडतात तिथे, साधारण 50 ते 60 हर्ट्झला ठेवा आणि कानाने थोडं मागेपुढे करा.

आता फेज. 80 हर्ट्झला एक पूर्ण कंपन 12.5 मिलिसेकंदांचं असतं. सबवूफरचा आवाज त्याच्या निम्म्याने मागेपुढे झाला, की स्पीकर बाहेर ढकलत असताना तो आत ओढतो आणि दोघांची वजाबाकी होते. क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा स्वर दोन्हींवर एकदम लावा, नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी फेजचं बटण हळूहळू फिरवायला सांगा. सर्वांत मोठा आवाज शोधण्यापेक्षा सर्वांत बारीक आवाज शोधणं कानाला कितीतरी सोपं जातं. म्हणून स्पीकरच्या दोन्ही वायर तात्पुरत्या उलट्या लावा, आवाज जिथे सर्वांत खोल जातो तिथे बटण सोडा आणि वायर पुन्हा सुलट करा. नुसता 0 आणि 180चा खटका असेल तर ज्यात स्वर भरीव येतो तो ठेवा.

रिसीव्हरने आपोआप मोजताना सबवूफरचं अंतर 2.5 मीटर असताना 4 मीटर दाखवलं तर ते ‘दुरुस्त’ करू नका. सबवूफरच्या आतल्या प्रोसेसरला लागणारे मिलिसेकंद त्यात धरलेले असतात. ध्वनी एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो. रिसीव्हरने सबवूफरची पातळी उणे 12 वर नेऊन ठेवली असेल, तर मोजपट्टी संपली आहे. सबवूफरचा गेन (त्याच्यावरचं आवाजाचं बटण) कमी करून मोजणी पुन्हा करा. पातळी हाताने मोजायची तर ध्वनिमापक सी-वेटिंगवर (खालचे स्वर फारसे न कापणाऱ्या मोजणीवर) हवा. ए-वेटिंग 50 हर्ट्झला 30 डेसिबल कापून दाखवतं आणि मग माणूस गेन वाढवत सुटतो. फोनचा माइकही तळाशी विश्वासाचा नाही. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबीवर चालणारा मोजमापाचा माइक असेल तर खोलीचा आलेख स्वच्छ दिसतो. त्यातले उंचवटे इक्वलायझरने खुशाल कापा. खड्डे भरायला जाऊ नका: दोन लाटा एकमेकींना खोडून पडलेला खड्डा कितीही जोर लावला तरी खड्डाच राहतो, आणि छोट्या ॲम्प्लिफायरची सगळी वीज त्यात जाते.

सगळं जुळल्यावर काही खटके उरतात. सतत हूं असा आवाज आला तर तो बहुधा ग्राउंड लूप (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) असतो. सबवूफर आणि रिसीव्हर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिला तर टीव्हीची केबल काढून पाहा. तेवढ्याने थांबला तर त्या केबलवर आयसोलेटर लावा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, तिच्यावर जीव अवलंबून असतो. हळू आवाजात सबवूफर मध्येच झोपी जात असेल, तर रिसीव्हरची सबवूफर पातळी काही डेसिबल वाढवून सबवूफरचा गेन तेवढाच कमी करा, म्हणजे जाग येण्याइतका सिग्नल पोहोचेल. 20 ते 100 हर्ट्झचा सरकता स्वर लावून खोलीत फिरलात तर काचेचं कपाट, फोटोची चौकट, दिव्याची टोपी असं कायकाय खडखडतं ते सापडेल. फेल्टचा छोटा तुकडा पुरतो.

आणि एकाहून जास्त जागांवर माणसं बसत असतील, तर मोठ्या सबवूफरऐवजी तसाच दुसरा छोटा घ्या. हार्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी 2002 साली किती सबवूफर पुरेत याचा पद्धतशीर अभ्यास मांडला, त्यात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर फार चांगले ठरले. एका टोकाचा सबवूफर लांबीच्या पहिल्या स्थिर लाटेला जसं ढकलतो, त्याच्या उलट समोरचा ढकलतो, म्हणून ती उठतच नाही. आणि दोघेही रुंदीच्या मध्यावर असल्याने रुंदीची पहिली लाट त्यांच्याकडून जागी होत नाही. जुळवताना आधी दोन सबवूफर एकमेकांशी जुळवा, मग दोघांना मिळून एकच सबवूफर समजून स्पीकरशी.