मोहरीचा झणका पानात राहावा, पेंडीत नको

कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसायला घेतली की सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पाण्याचा हात लावून ती नीट रगडली गेली, की मात्र झणका थेट नाकात चढतो आणि डोळ्यांत पाणी येते. तीच मोहरी फोडणीत तडतडते, खमंग लागते, पण नाकात जात नाही. मोहरीच्या पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे एका जागी आणि त्यांचे विघटन करणारे मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी साठवलेले असते. पेशी चिरडल्या की दोन्ही एकत्र येऊन झोंबणारे आयसोथायोसायनेट तयार होते. गरम तेलात विकरच निकामी होत असल्यामुळे ते तयार होत नाही. अळी पान कुरतडते तेव्हा पानातही हेच घडते, आणि बहुतेक किडींना ते सोसत नाही.

शेतकऱ्याचा पेच इथूनच सुरू होतो. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट जास्त असेल, तर जनावरे ती आवडीने खात नाहीत आणि त्यांच्या थायरॉईड ग्रंथीवरही परिणाम होतो. म्हणून पैदासकारांनी कमी ग्लुकोसिनोलेटचे वाण तयार केले. पण बियांबरोबर पानांतील आणि शेंगांतील संरक्षणही घटले, म्हणजे जनावराची सोय करताना पीक किडीपुढे उघडे पडले.

जनुक संपादनाचे, म्हणजे झाडाच्याच डीएनएत नेमका बदल करण्याचे, मोल मला इथे सर्वाधिक वाटते. बियांतील ग्लुकोसिनोलेट मुख्यतः झाडाच्या इतर भागांत तयार होते आणि वाहक प्रथिने ते बियांपर्यंत पोहोचवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात या वाहकांची जनुकेच क्रिस्पर या संपादन तंत्राने बंद केली. त्यामुळे बियांत झणका कमी झाला आणि पानांत तो टिकून राहिला. मोहरी ही दोन जातींच्या संकरातून उपजलेली असल्याने तिच्यात एकाच जनुकाच्या अनेक प्रती असतात आणि त्यांतील बऱ्याचशा एकाच वेळी गाठाव्या लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची चिकाटी कळते.

क्रिस्परमध्ये सुमारे २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए डीएनएवरील नेमकी जागा शोधतो, कॅस-९ हे विकर तिथे काप घेते आणि पेशी तो काप सांधताना एखाद-दुसरे अक्षर चुकते. तेवढ्याने जनुक बंद पडते. या तंत्रासाठी शार्पेंतिए आणि डाउडना या शास्त्रज्ञांना २०२० चे नोबेल मिळाले.

पुण्यात आपल्याला जवळचे तेलबिया पीक सोयाबीन. येथील आघारकर संशोधन संस्थेने पारंपरिक संकरातून तयार केलेला एमएसीएस १४०७ हा वाण चक्रीभुंगा, खोडमाशी, मावा अशा किडींना प्रतिकारक असून हेक्टरी ३९ क्विंटल उत्पादन देतो. ईशान्येकडील राज्ये, आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड आणि छत्तीसगड यांसाठी त्याची शिफारस आहे. अशा संकराला अनेक हंगाम लागतात आणि हव्या गुणाबरोबर नको ते गुणही येतात. चीनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये सोयाबीनचे यूजीटी हे एकच जनुक बंद केले, तेव्हा पानांतील फ्लॅव्होनॉइड या संयुगांची घडण बदलली आणि घाटेअळी व तंबाखूवरील पाने खाणारी अळी या दोन्हींना झाडाचा प्रतिकार वाढला. बीटी कपाशीत जिवाणूचे जनुक बाहेरून घातलेले असते; इथे झाडाचेच एक जनुक बंद केलेले आहे. बाहेरचे जनुक अंतिम वाणात न उरणाऱ्या अशा संपादित पिकांना २०२२ मध्ये केंद्राने जनुकीय परावर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली आणि २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले.

तरीही घाई करू नये असे मला मनापासून वाटते. मोहरीवरचा मावा हा त्या झाडाशी जुळवून घेतलेला कीटक आहे. ज्या झणक्याने इतर किडी पळतात, त्याच्याच वासाने तो झाड शोधतो. सोयाबीनमध्येही पाने खाणाऱ्या अळीवर मिळालेले यश खोडमाशीला लागू होईलच असे नाही. पिवळट, मरगळलेले रोप उपटून त्याचे खोड उभे चिरले, तर आत लालसर, नागमोडी पोखर दिसते आणि तिच्या टोकाशी पांढुरकी, बिनपायाची अळी सापडते. ती वाढते ती खोडाच्या आतल्या गरावर, त्यामुळे पानांतील बदल तिच्यापर्यंत पोहोचतो का, हे दर वेळी खोड चिरूनच पाहावे लागेल.